भीड चेपण्याचा दर : एक लाख दहा हजार

मंडळी, आज जरा भांडायचंय. ज्यांना सकाळी सकाळी भांडण नको असेल त्यांनी आधी चहा घ्या. आणि नातेवाईक मंडळी, तुम्हीही हे वाचता हे मला पक्कं ठाऊक आहे (आत्या तर फोनवर माझीच वाक्यं मला म्हणून दाखवतात), तेव्हा यातला निम्मा मजकूर आपल्यासाठीच आहे असं समजून वाचा.

तर विषय आमच्या भाचीचा. म्हणजे तिचा नाही, तिच्यावरून जे चाललंय त्याचा. नववीत असताना ती शाळेच्या सहलीबरोबर सिंगापूरला जाऊन आली. सहा दिवस, पाच रात्री. जाताना ती अशी होती की पाहुणे आले की पाण्याचा तांब्या ठेवून आत पळायची. आल्यावर तिने बँकेत जाऊन स्वतःच्या खात्याचं पासबुक भरून आणलं, आणि मशीन बंद आहे म्हणणाऱ्या साहेबांना "मग कधी चालू होणार ते सांगा की" असं विचारलं. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यामुळे "परदेशात जाऊन मुलं बदलत नाहीत" असलं काही मी म्हणणार नाही. बदलतात. माझं भांडण पुढचं आहे.

हातकणंगल्यात स्टँडच्या अलीकडे तिच्या शाळेचा फ्लेक्स लागला. मागे तो सिंहाच्या तोंडाचा मासा, पाण्याची चूळ भरणारा, आणि पुढे आमची भाची. वर लिहिलेलं, 'सिंगापूर सहलीने घडवला आत्मविश्वास!' आणि खाली, बारीक अक्षरात नाही, चांगल्या ठळक अक्षरात, पुढच्या वर्षीच्या दुबई सहलीची नोंदणी सुरू. शाळेचं नाव लिहीत नाही. नाव बदललं तरी फ्लेक्स तोच असतो.

हा जो दावा आहे ना, की आत्मविश्वास शाळेने घडवला, सहलीने घडवला, आणि म्हणून तो एक लाख दहा हजाराला मिळतो, तो मला मान्य नाही. (आकडा आमच्या घरचा आहे. त्यातले साठ हजार बहिणीने पतसंस्थेतून काढले. हप्ते अजून चालू आहेत. आत्मविश्वास हप्त्याने मिळतो हे मला नव्यानेच कळलं.)

आधी 'लाजाळू' या शब्दाचं बघू. शाळेच्या पत्रकात तो एकच शब्द होता, तोही इंग्रजीतून आलेला, 'शाय'. शाय मुलांसाठी उत्तम संधी. आपल्या भाषेत याला किती शब्द आहेत बघा. बुजरा म्हणजे नवीन माणूस दिसलं की शिंगरासारखा बिचकून मागे सरणारा. भिडस्त म्हणजे ज्याला बोलता येतं पण समोरच्याला नाही म्हणवत नाही. मुखदुर्बळ म्हणजे मनात सगळं तयार असतं, तोंडाशी येऊन अडतं. अबोल म्हणजे ज्याला बोलायची गरजच वाटत नाही. आणि घुमा, त्याच्या आत काय चाललंय ते देवालाही कळत नाही. ही पाच वेगळी मुलं आहेत. भिडस्ताला 'नाही' म्हणायला शिकवायला हवं, बुजऱ्याला वेळ द्यायला हवा, मुखदुर्बळाचं वाक्य कुणीतरी शेवटपर्यंत ऐकायला हवं, आणि अबोलाला तर काहीच करायला नको, त्याला सुखाने राहू द्या. आमचे आजोबा अबोल होते. बाजार समितीत त्यांच्या शब्दाला जेवढा मान होता तेवढा तिथल्या भाषणबाजांना नव्हता. या पाचांना एका बसमध्ये बसवून युनिव्हर्सल स्टुडिओत सोडलं की पाचही धीट होऊन येतात, असा शाळेचा हिशोब.

आमची भाची मुखदुर्बळ. आणि ती तशी का झाली, तर (इथे मंडळी जरा सरसावून बसा) ती दोन वर्षांची असल्यापासून तिच्या तोंडावर सांगितलं गेलं. "ही लाजरी आहे हं आमची." "काय मुकी हाय काय?" "बोल की गं जरा, जीभ घरी ठेवून आलीस?" मामींनी बारशात सांगितलं, काकांनी वास्तुशांतीत सांगितलं, वर्गशिक्षिकेने प्रगतिपुस्तकात लाल शाईने सांगितलं. मग एखादा प्रश्न विचारायचा, आणि तिने तोंड उघडेपर्यंत आईने किंवा मोठ्या भावाने उत्तर देऊन टाकायचं. बारा-तेरा वर्षं हेच. आमच्या गावात माणसाची एकदा ओळख ठरली की ती तहसील कचेरीतल्या नोंदीसारखी असते, दुरुस्तीला अर्ज करून माणूस म्हातारा होतो.

आता सिंगापुरात काय झालं ते सांगते. तिने हे शाळेत सांगितलेलं नाही. मला सांगितलं, आणि लिहायला परवानगी दिली.

सहल कशी होती, तर बेचाळीस मुलं, तीन शिक्षक, एक टूर मॅनेजर. सकाळी मोजणी, बसमध्ये मोजणी, उतरल्यावर मोजणी. गळ्यात पट्टा, डोक्यावर सारखी टोपी. जेवण रोज भारतीय हॉटेलात, पनीर आणि जिरा राईस. सहा दिवसांत सिंगापूरच्या एकाही माणसाशी एकाही मुलाला बोलायची गरज पडणार नाही अशी चोख व्यवस्था. तिथली मेट्रो जगात नावाजलेली, तिच्यात ही मुलं एकदाही बसली नाहीत, कारण मेट्रोत मोजणी अवघड जाते. म्हणजे हातकणंगले हे पोरांसकट उचलून, काचेच्या बसमध्ये घालून, सिंगापूरभर फिरवून परत आणलं.

चौथ्या रात्री खोलीतल्या एका मुलीला उलट्या सुरू झाल्या. बाईंचा फोन लागेना. बाई नेमक्या कुठल्या खोलीत हे माहीत नाही. तिसरी मुलगी रडायला लागली. राहिली आमची मुखदुर्बळ. ती लिफ्टने खाली गेली. काउंटरवर रात्रपाळीचे एक वयस्कर मलाय गृहस्थ. तिला इंग्रजीत काय म्हणायचं ते आठवेना. तिच्या म्हणण्याप्रमाणे ती "एक पूर्ण मिनिट" नुसती उभी होती. आणि ते गृहस्थ थांबले. "बोल की" म्हणाले नाहीत. तिच्या वतीने वाक्य पूर्ण केलं नाही. हातातलं पेन खाली ठेवलं आणि थांबले.

मग तिने सांगितलं. व्याकरणाचे बारा वाजलेले, पण सांगितलं. त्यांचंही इंग्रजी काही राणीचं नव्हतं. गरम पाणी, मीठसाखरेचं पाकीट, बाईंच्या खोलीला फोन, सगळं झालं. वाट बघताना त्यांनी विचारलं, कुठलं गाव. ही म्हणाली, हातकणंगले. त्यांना म्हणता येईना. हाता... कानां... तिने तीनदा म्हणून घेतलं त्यांच्याकडून. "तिसऱ्यांदा बरोबर आलं त्यांना," असं मला सांगताना तिच्या तोंडावर जे होतं ते त्या फ्लेक्सवर नाही. (म. द. हातकणंगलेकर २००८ साली सांगलीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हाही इतकं कौतुकाने कुणी हे नाव घोटून म्हटलं नसेल.)

वीस-पंचवीस मिनिटांचा सगळा मामला. सहा दिवसांतली ही वीस मिनिटं कार्यक्रमपत्रिकेत नव्हती. उलट, व्यवस्था चोख असती तर ती झालीच नसती. दुसऱ्या दिवशी तिला शाबासकी नाही मिळाली, "न सांगता खाली का गेलीस" म्हणून बोलणी बसली. आणि नंतर त्याच मुलीला स्नेहसंमेलनात उभं करून, बाईंनी लिहून दिलेलं 'माझा आत्मविश्वास आणि सिंगापूर' हे भाषण पाठ म्हणायला लावलं. त्यात बागा होत्या, स्वच्छता होती, शिस्त होती. उलट्या नव्हत्या आणि मलाय आजोबाही नव्हते.

यावर माझं म्हणणं इतकंच, की तिला धीट केलं ते तीन गोष्टींनी. तिथे तिची लाजरी ही ओळख कुणाला माहीत नव्हती. बोलल्याशिवाय भागणार नव्हतं. आणि समोरच्याला घाई नव्हती. या तीनही गोष्टींना पासपोर्ट लागत नाही. पहिली तर चाळीस किलोमीटरवर मिळते. मिरज ओलांडली की आम्हाला कोण ओळखतो?

हे नवीन नाही. आपल्या तालुक्यातल्या कुंभोजला १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील शिकायला कोल्हापूरला आले, बोर्डिंगात राहिले. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात जातीजातींची बोर्डिंगं निघाली, कोल्हापूर हे वसतिगृहांचं माहेर म्हणून ओळखलं गेलं. पुढे भाऊरावांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातीधर्मांच्या पोरांचं एकत्र बोर्डिंग सुरू केलं. ती पोरं कुठून आली? डोंगरातून, रानातून, शाळेचं दार न बघितलेल्या घरांतून. त्यांच्याइतकी बुजरी मुलं आज शोधून सापडायची नाहीत. त्यांनी तिथे स्वयंपाक केला, शेतात राबली, अनोळखी पोराशेजारी अंथरूण टाकलं, आणि त्यातून शिक्षक, वकील, अधिकारी झाली. कुणीही त्यांना आत्मविश्वासाचं प्रमाणपत्र देऊन मत्स्यालय दाखवलं नाही. शाहू महाराज स्वतः अकरा वर्षांचे असताना १८८५ मध्ये घरापासून लांब राजकोटच्या राजकुमार कॉलेजात गेले होते, तेव्हा हे त्यांनाही अनुभवाने ठाऊक असणार.

परदेश प्रवासाचाही कोल्हापूरला जुना नाद आहे. शाहूंच्या आधीचे राजाराम महाराज १८७० मध्ये, जेमतेम विशीत, इंग्लंडला गेले. बरोबर कॅप्टन वेस्ट आणि लवाजमा. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये ते वारले, आर्नो नदीच्या काठी त्यांचं दहन झालं. तिथे त्यांची छत्री आहे, आणि शेजारच्या पुलाला आजही 'इंडियानो' म्हणतात. त्यांची प्रवासातली रोजनिशी वेस्ट साहेबाने संपादित करून १८७२ मध्ये लंडनला छापली. मला ही गोष्ट आठवली की वाईट वाटतं. विशीतला मुलगा, आणि त्याचं लिहिलेलं आपल्यापर्यंत येतं तेही साहेबाच्या हातून साफसूफ होऊन. बाईंनी लिहून दिलेलं भाषण ऐकताना मला तेच आठवलं. असो. विषयांतर झालं, पण लिहायचं होतं.

आता तुम्ही म्हणाल (धाकटे काका तर म्हणालेच), "तुझं पोट दुखतंय. खेड्यातल्या पोरांनी जग बघू नये काय?" बघावं की! जरूर बघावं. २०२५ मध्ये पुणे जिल्हा परिषदेने आयुकाच्या मदतीने आपल्या शाळांतल्या सहावी-सातवीच्या मुलांच्या टप्प्याटप्प्याने परीक्षा घेतल्या आणि ७५ मुलं निवडली. त्यातल्या २५ जणांसाठी अमेरिकेत नासा आणि ५० जणांसाठी इस्रो, आणि खर्च जिल्हा परिषदेचा. त्यात रेल्वेतही कधी न बसलेली मुलं होती. तेव्हा आपल्यातल्याच काही जणांनी नाकं मुरडली. आधी शाळांचे पत्रे बदला म्हणे, आधी संडास बांधा म्हणे. पत्रे बदलायलाच हवेत, पण हा सवाल एक लाख दहा हजाराच्या फ्लेक्सखाली उभं राहून कुणी विचारत नाही. ज्याच्या बापाला पतसंस्थेत जावं लागलं नाही त्या पोराच्या विमानप्रवासाला मात्र लगेच हिशोब. जपानच्या 'साकुरा सायन्स' योजनेतून २०१६ पासून आपल्याकडची शाळकरी मुलं आठवडाभर जपानला जातात, तिथल्या प्रयोगशाळा बघतात, यजमान जपान. तेही मला मान्य. मुलगा तिथे पोचला तो बापाच्या ऐपतीने नाही, एवढं एक कारण मला पुरतं.

आणि हेही खरं, की साधी सहल आता अवघड झालीय. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर शिक्षण खात्याने सहलींवर अटींची लांब यादी घातली. पाण्याच्या जागा टाळा, धोक्याच्या जागा टाळा, पालकांची संमती, परवानग्या. त्यात चूक काही नाही, चौदा घरं उजाड झाली होती. पण परिणाम काय झाला, तर मराठी शाळेच्या गुरुजींना एसटीच्या निम्म्या भाड्याची सवलत असूनही पन्हाळ्याच्या पुढे जायची छाती होईना. माझ्या ओळखीचे एक गुरुजी म्हणतात, "सहल काढायची म्हणजे नोकरी खिशात घेऊन फिरायचं." आणि दुसऱ्या टोकाला ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी सगळी जबाबदारी टूर कंपनीवर टाकून थेट सिंगापूर गाठलं. मधलं सगळं गायब. आमच्या वेळी बाहुबलीच्या डोंगरावर वर्ग न्यायचे, आळत्याच्या रामलिंगला न्यायचे. डबे आपले, पाय आपले, आणि हरवलं तर विचारत विचारत यायचं.

पण एवढ्यावरही मी हे लिहायला बसले नसते. मी बसले ते भाचीच्या मैत्रिणीमुळे.

ती मैत्रीण म्हणजे वर्गातली तोफ. हातकणंगल्यात तिची आजी, वडील इचलकरंजीत यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीला. शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्क्यांतून पहिलीत तिला या शाळेत प्रवेश मिळाला. तो हक्क आठवीपर्यंत. नववीपासून फी भरायची, ती ते कशीबशी भरतात. आमची भाची पहिलीपासून तिच्याच बाकावर. भाची मनात म्हणायची आणि ही मोठ्याने म्हणायची, अशी ती जोडी. पाहुण्यांनी विचारलं तर "तिला म्हणायचंय की..." असं हीच सांगायची. आमच्या घरी आली की आवाज कोपऱ्यापर्यंत. "मावशी, मी जेवूनच जातो," असं आपल्या कोल्हापुरी पोरी म्हणतात तसं, हक्काने.

सहल ऐच्छिक आहे असं पत्रकात छापलं होतं. पण वर्गात विचारणा कशी झाली? "ज्यांचे पैसे भरायचे राहिलेत त्यांनी उभं राहा." तीन दिवस रोज. शेवटी उभे राहणारे फक्त न जाणारे उरले. सहलीच्या आठवड्यात नववीच्या दोन तुकड्यांतल्या राहिलेल्या मुलांना एका वर्गात बसवलं, शिकवणारे बरेचसे गेलेले, मग ग्रंथालयाची पुस्तकं पुसून रचायला लावली. परत आल्यावर पंधरा दिवस सगळा वर्ग एकच बोलतोय, राइड, फोटो, चॉकलेट. इंग्रजीच्या निबंधाचा विषय 'माझा पहिला विमानप्रवास'. तिने काय लिहावं? तिने कोरा कागद दिला आणि मार्क गेले.

दिवाळीत मी गेले तेव्हा ती भाचीबरोबर घरी आली होती. दारातच उभी. मी म्हटलं, ये की आत. मान हलवली. जेवतेस का विचारलं तर भाचीकडे बघितलं. आणि भाची म्हणाली, "मावशी, तिला भूक नाहीये."

कळलं का? जागा बदलल्या. एकीची भीड चेपली आणि दुसरीची भरली, त्याच शाळेत, त्याच सहलीत. पहिलीचा फ्लेक्स लागला. दुसरीची कुठेच नोंद नाही. पुढच्या प्रगतिपुस्तकात बहुधा लाल शाईने येईल, 'वर्गात सहभाग कमी'. आणि मग दुबईचं पत्रक येईल, शाय मुलांसाठी उत्तम संधी.

शाळेला मी जाऊन हे सांगितलं. मुख्याध्यापकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, पालकांची मागणी असते." ही मात्र खरी गोष्ट आहे, आणि म्हणून सगळा राग शाळेवर काढून मी मोकळी होणार नाही. मागणी करणारे कोण? शेजारच्याचा गेला म्हणून आपला जायला हवा, लग्नात सांगायला बरं पडतं, मोबाईलवर फोटो टाकायला हवेत. आमच्याच घराण्यात एका चुलत बहिणीने पोराला खरोखर पोटात दुखत असताना विमानात बसवलं, कारण पैसे परत मिळणार नव्हते. (नाव नाही घेत. ती वाचते.) मुलाला गावातल्या किराणा दुकानात एकट्याने पाठवायचं नाही, एसटीत एकट्याने बसवायचं नाही, डॉक्टरला दुखणं त्याला सांगू द्यायचं नाही, आणि आत्मविश्वास मात्र सिंगापूरहून मागवायचा!

काय करता येईल ते सांगते, नुसतं भांडून उपयोग नाही. साने गुरुजींनी १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात आंतरभारतीची कल्पना मांडली. एका प्रांताच्या माणसाने दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, एकमेकांची घरं बघावीत. पुढच्याच वर्षी गुरुजी गेले. कल्पना आपण शाळांच्या आणि मंडळांच्या नावात ठेवली. पण ती करून दाखवणारं सरकारी खातं आहे, आणि अगदी कागलला आहे! जवाहर नवोदय विद्यालयांत नववीच्या साधारण ३० टक्के मुलांना एक वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदयमध्ये पाठवतात. मराठी मुलं हिंदी मुलखात, तिकडची इकडे. चौदा वर्षांचं पोर, वर्षभर, ना आई ना भाषा. पहिले दोन महिने रडतात म्हणे. मग येताना तिकडची बोली आणि तिकडच्या शिव्या दोन्ही घेऊन येतात. फी नाही, फ्लेक्स नाही. त्याबद्दल कौतुकाने बोलताना मी एकाही पालकाला ऐकलेलं नाही.

सगळ्यांना नवोदय मिळत नाही, ठीक. पण आमच्या हातकणंगल्याला भूगोलाने केवढं दान दिलंय बघा. इचलकरंजीच्या पलीकडे बोरगाव लागलं की कर्नाटक. तिथे अजून मराठी चालते, ते सोडा. आपल्या स्टेशनवरून मिरज, मिरजेला गाडी बदलून कुडची, रायबाग, घटप्रभा. दुपारच्या जेवणाला तुम्ही अशा घरात असाल जिथे 'पाणी' म्हटलेलं कळेल, पण पुढचं वाक्य कळायचं नाही. वेगळी भाकरी, वेगळी चटणी, वेगळी हाक. तिकीट किती, ते विचारूही नका, सांगायला लाज वाटेल इतकं कमी. दोन शाळांनी ठरवलं तर आठ दिवस इकडची वीस मुलं तिकडच्या वीस घरांत आणि तिकडची इकडे. मोजणी नाही, टोपी नाही. अशी शिबिरं एस. एन. सुब्बाराव भाईजींनी देशभर घेतली, मुलं गावातल्या घरांत राहायची. भाईजी २०२१ मध्ये गेले. शाळांनी करावं म्हणून मी वाट बघत होते, आता बघत नाही.

तर मंडळी, खास करून ज्यांचं रायबाग-गोकाककडे येणंजाणं आहे ते. मे महिन्यात आठ दिवसांसाठी दोन मुलींना ठेवून घेईल असं एखादं घर हवंय. घरात शक्यतो मराठी न येणारं माणूस असावं, आणि एखादी त्यांच्याच वयाची मुलगी असली तर फारच छान. दोघीही सगळं खातात, भांडी घासतात, पहाटे उठत नाहीत. मैत्रिणीच्या आजीशी मी बोललेय, वडिलांशी रविवारी बोलायचंय, त्यांची पाळी सुटल्यावर. रेल्वेने दोघीच जाणार, घ्यायला कुणी स्टेशनवर यावं एवढीच सोय करा. आणि एक विनंती, आत्या, काका, सगळ्यांनाच. त्या घरी आधी फोन करून "एक लाजरी आहे हं" असं काही सांगून ठेवू नका. कुठली, ते तर मुळीच नको.